बसून घ्यायची गोळी

"बसून घ्यायची. उभ्यानं नाही. जिभेखाली धरायची. चावायची नाही, गिळायची नाही, वरून पाणी प्यायचं नाही."

पालमच्या बसस्टँडसमोर माझं मेडिकल दुकान आहे आणि सोळा वर्षं झाली, मी काउंटरमागून हेच सांगत आलोय. समोरचा मान हलवतो, गोळ्या खिशात टाकतो, दोन पायऱ्या उतरतो आणि परत येऊन विचारतो, "जेवणाआधी का जेवणानंतर?" मग माझं डोकं सरकतं. अरे बाबा, छातीत कळ आली की घ्यायची गोळी ती, जेवणाचा काय संबंध! परत पहिल्यापासून सांगायचं. या एका गोळीपायी मी बेजार झालोय.

आणि सगळ्यात जास्त वेळा ज्यांना मी हे सांगितलं ते माझे वडील, मन्मथअप्पा. गेल्या शिवरात्रीपासून ते बाजेवर पडून आहेत. खुब्याचं हाड मोडलंय. परत उभे राहणार नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. गावातले लोक म्हणतात, देवाच्या दारात पडले, पुण्यवान माणूस. पण ती गोळी त्यांच्या जिभेखाली मी ठेवली होती. ते उभे असताना.

आता सांगायलाच बसलोय तर नीट सांगतो.

आमचं गाव पालमहून नऊ किलोमीटर. अप्पांची तिथं पिठाची गिरणी. चौतीस वर्षं त्यांनी ती एकट्यानं चालवली. भुवया, कानावरचे केस, सदऱ्याची कॉलर, सगळं कायम पिठानं पांढरं. यंत्राच्या आवाजात बोलून बोलून त्यांचा आवाज इतका चढलेला की घरी मीठ मागितलं तरी शेजारच्याला वाटावं भांडण लागलं. गिरणीत एक लाकडी स्टूल होतं. पण त्यावर त्यांना बसलेलं मी कधी बघितलं नाही. त्यावर बायकांचे दळणाचे डबे असायचे. कोणता डबा कोणाच्या घरचा, कोणाला भाकरीसाठी बारीक लागतं, कोणाला जाडसर, हे त्यांना तोंडपाठ. "बसा की घडीभर," कोणी म्हटलं तर म्हणायचे, "बसल्यावर माणूस गंजतंय." असला माणूस.

सहा वर्षांपूर्वी ज्वारीचं पोतं उचलताना पहिल्यांदा त्यांच्या छातीत आवळून आलं. डावा हात, जबडा, सगळं जड. दाराची चौकट धरून पाच मिनिटं उभे राहिले, कळ गेली, परत पोतं उचललं. घरी आल्यावर म्हणाले, "गॅस झालाय." आईनं, म्हणजे चन्नबसम्मानं, ओवा आणि काळं मीठ दिलं. आणि मी काय केलं? मी मेडिकलवाला, डिप्लोमा करून आलेला शहाणा, मी दोन महिने त्यांना गॅसच्या गोळ्या दिल्या. चढावर दुखतं, थांबलं की थांबतं, थंडीत जास्त दुखतं, हे सगळं मी शिकलेलो होतो. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर एका मिनिटात त्याला नांदेडला पाठवला असता. पण आपल्या बापाला काही होऊ शकतं हे डोक्यात शिरतच नाही माणसाच्या.

शेवटी नांदेडला नेलंच. तपासणी झाली. तीन नळ्या तुंबलेल्या. डॉक्टरांनी बायपास सांगितली. अप्पा म्हणाले, "छाती उकलून घिऊन मी काय करू? हाय तेवढं चालवतो." लय समजावलं. मी चिडलो, आई रडली, काही उपयोग नाही. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं, "ठीक आहे, गोळ्यांवर ठेवू. पण एकही चुकली नाही पाहिजे."

तिथून माझी दुसरी नोकरी सुरू झाली. रक्त गोठू नये म्हणून एक गोळी. चरबीची एक, रात्रीची. हृदयाचा वेग ताब्यात ठेवायची एक, कारण हृदय जितकं जोरात पळेल तितकं त्याला रक्त जास्त लागतं आणि तेवढं रक्त तुंबलेल्या नळ्यांतून येत नाही. नळ्या सैल करायची एक, सकाळी आणि दुपारी, पण रात्री नाही. रात्रीही दिली तर शरीराला तिची सवय होते आणि मग ती काम करीत नाही. आणि या सगळ्यांपेक्षा वेगळी ती जिभेखालची. ती रोजची नाही, कळ आली तरच.

अप्पांनी यातल्या प्रत्येक गोळीशी भांडण काढलं. नळ्या सैल करणाऱ्या गोळीनं सुरुवातीला डोकं ठणकतं. महिनाभर ते डोक्याला उपरणं आवळून गिरणीत उभे असायचे. म्हणायचे, "छातीतलं दुखणं काढून डोक्यात नेऊन ठिवलं. ह्याला दवा म्हणत्यात व्हय?" सकाळची गोळी सहाला घ्यायची, तर अप्पा नऊशिवाय तोंडात काही घालत नसत. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय अप्पांनी आयुष्यात पाण्याचा घोट घेतला नाही. मी म्हणायचो, "अप्पा, गोळी काय अन्न हाय का?" ते म्हणायचे, "तोंडात जातंय ना? मंग अन्नच." अंघोळीला, पाणी तापवायला, फुलं आणायला, सगळी हालचाल सकाळीच, आणि कळ यायची तीही सकाळीच. शेवटी मी डॉक्टरांना फोन करून सगळ्या वेळाच तीन-तीन तास पुढं सरकवल्या. अप्पा काही सरकले नाहीत.

आणि जिभेखालची? ती तर ते वर्षभर तांब्याभर पाण्याबरोबर गिळत होते. "गुण न्हाई तुह्या गोळीला," म्हणायचे. एकदा माझ्यासमोर गिळली म्हणून कळलं, नाहीतर काय कळणार! मी ओरडलो. मग जिभेखाली ठेवायला लागले, पण उभ्यानं. गिरणी चालू, समोर बाई डबा घेऊन उभी, आणि हे गोळी जिभेखाली धरून पट्ट्याकडे बघतायत. एकदा तसेच डोळ्यांपुढे अंधारी येऊन पोत्यांवर बसले. त्या दिवशी मी त्यांना लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की अप्पा, या गोळीनं सगळ्या अंगातल्या नळ्या एकदम सैल होतात, रक्ताचा दाब घसरतो, उभा माणूस आडवा होतो. म्हणून बसायचं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणजे ते त्यांना माहीत होतं. आणि मला तर होतंच होतं.

आता वीणेचं सांगतो. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावात शिवरात्रीच्या आधी सात दिवस शिवनाम सप्ताह बसतो. महादेवाच्या देवळात वीणा उभी राहते. सात दिवस ती भुईला टेकवायची नाही, खुंटीला अडकवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. पट्टा खांद्यावर घेऊन वीणेकऱ्यानं उभं राहायचं, नाम घ्यायचं. बसायचं नाही, टेकायचं नाही, पहारा होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. दोन तास झाले की दुसऱ्यानं येऊन त्याच्या खांद्यावरून वीणा आपल्या खांद्यावर घ्यायची. बायकांनी वीणा घ्यायची नाही, हा गावचा जुना नेम. आणि ज्याच्या गळ्यात लिंग नाही त्यानंही घ्यायची नाही.

माझ्या गळ्यात नाही.

त्यात बंडबिंड काही नव्हतं. लातूरला हॉस्टेलवर असताना अंघोळ करताना दोरा तुटला. लिंग पुसून ट्रंकेत ठेवलं, म्हटलं रविवारी दोरा आणू. तो रविवार काही आला नाही. आळस, दुसरं काय! दिवाळीला घरी आलो, अप्पांनी मला उघड्या अंगानं बघितलं. मला वाटलं आता सगळं गाव ऐकणार. पण ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. म्हणाले, "देव्हाऱ्यात ठिव." बस. नंतर कधी विचारलं नाही, कधी टोमणा मारला नाही. तो विषयच त्यांनी मिटवून टाकला. मीही कधी म्हटलं नाही की अप्पा, परत बांधा माझ्या गळ्यात. पण सप्ताहात ते वीणा घेऊन उभे राहिले की मी लांब खांबापाशी उभा राहायचो. मला कोणी तिकडे जा म्हणायचं नाही. माझं मीच जायचो.

दुपारी बारा ते दोन हा पहारा अप्पांचा. अठ्ठावीस वर्षं. ती पंगतीची वेळ, सगळं गाव जेवायला बसतं, म्हणून तो पहारा कोणाला नको असतो. अप्पांना तोच हवा असायचा.

गेल्या वर्षी मी म्हटलं, अप्पा, या वर्षी राहू द्या. आई म्हणाली, राहू द्या. नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, ते म्हणाले, उपाशीपोटी दोन तास उभं राहायचं नाही. अप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "त्याला काय म्हाईत वीणा काय असती ते." मी अजून दोन दिवस भांडलो. मग दमलो. खरंच दमलो. पाच वर्षं रोज गोळ्या मोजून देणं, रोज तेच तेच सांगणं, रोज त्यांचा तो मोठा आवाज. म्हटलं, करा काय करायचं ते. फक्त रोज दुपारी दुकान बंद करून मी तिथं येऊन उभा राहणार, हे मी सांगितलं. ते म्हणाले, "ये की. देऊळ काय माह्या बापाचं हाय का?"

पाच दिवस नीट गेले. सहाव्या दिवशी ऊन जरा जास्त होतं. सकाळपासून अप्पांच्या पोटात गोळ्यांपुरतं पाणी, बाकी काही नाही. सप्ताहात ते एकवेळच जेवायचे, तेही पहारा झाल्यावर. देवळाच्या मागं पंगत बसली होती, तिथून ताटल्यांचा आवाज येत होता. सभामंडपात अप्पा, मी आणि सुमनबाई. सुमनबाई म्हणजे आमच्या आळीतली म्हातारी, रोज दुपारी येऊन खांबाला टेकून नाम घेणारी.

दोन वाजले. पुढचा पहारा महालिंगअप्पांचा. ते आलेच नाहीत. सव्वादोन. जेवून घरी जरा पाठ टेकली आणि झोप लागली, हे नंतर कळलं. अप्पा नाम घेत होते, पण आवाज बसत चालला होता. मग त्यांचा डावा हात वीणेवरून सुटला आणि छातीवर गेला. मी धावलो. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"कळ हाय?"

त्यांनी मान हलवली. सुमनबाई उठल्या, म्हणाल्या, "मी त्या महालिंगाला उठवून आणते," आणि लंगडत निघाल्या. त्यांचा गुडघा दुखरा, पण घर मागच्याच गल्लीत.

"अप्पा, बसा खाली."

"न्हाई."

"मग वीणा माझ्याकडं द्या आणि तुमी बसा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे. शर्टाचं वरचं बटन उघडं होतं. बघितलं आणि परत म्हणाले, "न्हाई."

मला इतका राग आला! मरायला टेकलाय आणि गळा बघतोय माझा. पंगतीतून कोणाला तरी हाक मारावी, हे सुचायला पाहिजे होतं. लोक हाकेच्या अंतरावर होते, पण सुचलं नाही. मला फक्त त्यांचे पांढरे ओठ दिसत होते. मी त्यांच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. गोळी हातात घेतली आणि मनात म्हटलं, बसवल्याशिवाय द्यायची नाही. मग म्हटलं, नाही दिली आणि इथंच झटका आला तर? मी त्यांच्या हनुवटीला धरलं. पहाऱ्यात तोंडात काही घालायचं नसतं, पण त्यांनी तोंड उघडलं. वेदना तेवढी मोठी असणार. मी माझ्या बोटानं गोळी जिभेखाली ठेवली.

दोन-तीन मिनिटं बरं वाटलं. कपाळावरची आठी सैल झाली. छातीवरचा हात खाली आला. मला वाटलं, निभावलं. मग त्यांचा चेहरा एकदम मातीसारखा झाला. मी त्यांच्यापासून एका हातावर उभा होतो. त्यांचा उजवा हात वर खांद्याकडे गेला, पट्टा खाली आला, वीणा पुढं झुकली, आणि तो हात माझ्याकडे आला.

मला वाटलं, वीणा देतायत. इतक्या वर्षांनी, माझ्या उघड्या गळ्यासकट, मला वीणा देतायत. आणि खरं सांगतो, लाज वाटते पण खरं सांगतो, त्या क्षणाला मला आनंद झाला. मी दोन्ही हात पुढं केले आणि वीणा धरली. अप्पा माझ्या बाजूनं खाली गेले. दगडी पायरीवर त्यांचा खुबा आपटला. तो आवाज मी कोणाला सांगू शकत नाही.

आणि मी उभा राहिलो. वीणा घेऊन. अप्पा पायाशी आणि मी वीणा छातीशी धरून उभा. ठेवायची कुठं? भुईला टेकवायची नाही, हे लहानपणापासून हाडात बसलेलं. सुमनबाई दारातून आत आल्या, त्यांनी बघितलं आणि ओरडल्या, "आरं शिवा, टाक ते लाकूड! बाप पडलाय तुहा!" चाळीस वर्षं रोज लिंगपूजा करणारी बाई, तिला कळलं. मला नाही कळलं. मागून महालिंगअप्पा धापा टाकीत आले, त्यांनी माझ्या हातातून वीणा घेतली, तेव्हा मी खाली बसलो. किती वेळ गेला असेल? एक मिनिट, दीड मिनिट. आडवे झाल्यामुळे अप्पांचा रक्तदाब परत वर आला होता आणि त्यांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडेच बघत होते.

पंगतीतले लोक धावून आले. कोणी पाणी आणलं, कोणी जीप आणली. महालिंगअप्पा रडकुंडीला येऊन एकच विचारीत होते, "वीणा पडली का? माह्यामुळं वीणा पडली का?" अप्पा जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाले, "न्हाई. पोरानं धरली."

नांदेडला डॉक्टरांनी फोटो काढले. खुबा मोडला होता. ऑपरेशन केलं तर भूल द्यावी लागणार, आणि असल्या हृदयाला भूल म्हणजे मोठी जोखीम. अप्पांनी तेही नको म्हटलं. तिथं एका तरुण डॉक्टरनं कागद भरता भरता मला विचारलं, "पडले तेव्हा जवळ कोणी होतं का?" मी म्हटलं, नाही, कोणी नव्हतं. अप्पा स्ट्रेचरवर शेजारीच होते. त्यांनी ऐकलं असणार.

तेव्हापासून गावात माझी इज्जत वाढली. शेवटच्या दिवशीच्या कीर्तनात महाराजांनी माझं नाव घेतलं म्हणे. मी तेव्हा नांदेडला दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो. आता पालमच्या दुकानातही लोक येतात आणि म्हणतात, "वीणा झेलली ते तुमीच ना?" मी हो म्हणतो आणि औषधाची चिठ्ठी मागतो. ज्यांच्या पुढ्यात मी उभा राहायला नको, ते मला नमस्कार करतात. कोणी जिभेखालची गोळी मागितली तर अजून मी सांगतो, बसून घ्यायची. सांगताना माझा आवाज चढतो. बायको म्हणते, गिऱ्हाइकांवर ओरडत जाऊ नका. तिला काय सांगू?

घरी बाजेपाशी सारखं कोणीतरी बसलेलं असतं. आणि आलेल्या प्रत्येकाला अप्पा सांगतात, "पट्टा घसरला, पण माह्या पोरानं वीणा भुईला लागू दिली न्हाई." मोठ्या आवाजात, गिरणीच्या आवाजात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, ते खरंच खूश आहेत. मग वाटलं, मला टोचतायत. मग वाटायला लागलं की ते काहीच मनात न आणता सांगतायत, आणि ते तर सगळ्यात वाईट. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो. वर्ष झालं, मी सकाळ-दुपार-रात्र त्यांच्या तोंडात गोळ्या घालतोय, कूस बदलतोय, पाठीला पावडर लावतोय, आणि एवढं एक वाक्य मला बोलता येत नव्हतं.

मागच्या महिन्यात बोललो. सकाळचे साडेनऊ झाले होते. आई गिरणीवर गेली होती, आता तीच चालवते. अप्पांनी पडल्या पडल्या तळहातावर लिंग घेऊन पूजा उरकली होती. मी त्यांचं डोकं उचलून गोळी दिली, पाणी दिलं. वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "अप्पा, त्या दिवशी मी तुमाला धरायला पाहिजे होतं."

त्यांनी हातानं तोंडावरचं पाणी पुसलं. मी म्हटलं, "पट्टा घसरला तसा मी वीणेकडंच बघितलं. तुमच्याकडं बघितलंच न्हाई."

"पट्टा घसरला न्हाई, शिवा."

"म्हंजी?"

"मी काढला. माह्या हातानं." आवाज एकदम बारीक. दिवाळीच्या त्या दिवसासारखा. "मला कळलं व्हतं, मी पडायलोय म्हणून. लय भ्या वाटलं. म्हणलं, मसनात जाऊ दे वीणा. काढून टाकली अन् हात केला तुह्याकडं. म्हणलं, पोरगं धरील."

 ते छताकडे बघत होते.

"तो हात..." मी म्हटलं.

"तुला धरायला केला व्हता."

मी त्यांच्या पायाशी बसून रडलो. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, दुकानात लोकांवर ओरडणारा.  त्यांनी हात पुढं केला नाही, डोक्यावरून फिरवला नाही. मी बोललो ते असं काहीतरी, "मग लोकांना कामून सांगताव तसं? वर्ष झालं सांगायलाव!"

"मंग काय सांगू? बापाला सोडून वीणा धरली म्हणून?" ते म्हणाले. "का म्हाताऱ्यानं भिऊन वीणा टाकली म्हणून? तुला ह्याच गावात ऱ्हायचंय. मला बी ह्याच गावात मरायचंय. लोकात हाय तसंच ऱ्हाऊ दे."

मग म्हणाले, पाठ दुखायलीय, कूस बदल. मी बदलली.

त्याच दिवशी संध्याकाळी महालिंगअप्पा आले. बरोबर मानवतहून आलेले त्यांचे व्याही होते. चहा झाला. व्याह्यांनी विचारलं, "कसं काय पडलात हो?" अप्पांनी घसा साफ केला आणि गिरणीच्या आवाजात सुरू केलं. चक्कर आली, पट्टा खांद्यावरून घसरला, पण माह्या पोरानं वीणा भुईला लागू दिली न्हाई. व्याही माझ्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. अप्पाही माझ्याकडे बघत होते, मी काय करतो ते.

मी म्हटलं, "व्हय. पट्टा घसरला."